अळंबें : रानांतलें आणि घरांतलें

एकाच जातीच्या वस्तूस भाषेनें दोन नांवें द्यावीं, त्यांतलें एक ताटांत वाढून घेण्याजोगें असावें आणि दुसरें ऐकतांच पाऊल मागें घ्यावें, असा प्रकार मराठींत फारसा आढळत नाहीं. अळंबें आणि कुत्र्याची छत्री ही जोडी मात्र अशीच आहे. शास्त्रज्ञास विचारलें, तर दोन्ही बुरशीच्याच राज्यांतलीं. जमिनींत अगर कुजक्या लांकडांत पसरलेल्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याचीं हीं फळें, एवढेंच तो सांगेल. भाषेनें भेद केला तो खाणाऱ्याच्या अनुभवावरून. जें खाऊन वाडवडील सुखरूप राहिले तें अळंबें. ज्याची खात्री पटली नाहीं तें सगळें कुत्र्याच्या वांट्यास गेलें. या शब्दविभागांत आमच्या लोकांचें एक शहाणपण सांठविलेलें आहे. तें कोणत्या जातीचें होतें, कोठवर चालतें आणि कोठें थांबतें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर त्यासाठीं वाचकांचा वेळ आम्हीं घेतला नसता. आम्ही राहतों त्या खराडींत तो दर पावसाळ्यास नव्यानें उगवतो. मुळा-मुठेच्या कांठचें हें शेतकऱ्यांचें गांव इ. स. १९९७ मध्यें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि पुढें थोड्याच वर्षांत संगणक-व्यवसायाच्या उंच इमारतींनीं त्याचें रूप पालटलें. कोंकण, विदर्भ, मराठवाडा, गोवें आणि परप्रांत येथून आलेलीं कुटुंबें आज एका आवाराच्या भिंतीआड नांदतात. जूनचे चार पाऊस पडले कीं त्या आवारांतल्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. एक गृहस्थ म्हणतात, "आमच्या गांवीं हींच खातात." दुसरे आपल्या मुलाचा हात धरून त्यास लांब ओढतात. दोघेही आपापल्या गांवापुरते बरोबर असतील. प्रश्न गांवाचा नसून खराडींतल्या त्या हिरवळीचा आहे, आणि तिच्याविषयीं दोघांच्याही वडिलांनीं कांहीं सांगून ठेवलेलें नाहीं.

आमच्या जुन्या ग्रंथांचा कौल पाहूं लागलों, तर तेथेंही हे दोन्ही पक्ष भेटतात. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण व कांदा यांच्या पंक्तीस कवकें बसविलीं आहेत आणि तीं द्विजांस वर्ज्य ठरविलीं आहेत. धर्मशास्त्राचा स्वभावच असा कीं, निषेध एकदां सांगितला म्हणजे तें पुढें फोड करीत बसत नाहीं. वैद्यांस मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. त्यांच्या दारीं खाल्लेला मनुष्य येतो. म्हणून चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानाचा विचार करतांना 'सर्पच्छत्रक' नांवाची जात वगळून बाकीच्या छत्रजातींचे गुण सांगितले आहेत: त्या शीत, मधुर व पचण्यास जड असून पडसें आणणाऱ्या आहेत. एका शब्दांत अपवाद, मग नियम. खाण्याजोगीं बहुत, परंतु त्यांत एक सापाचें छत्र आहे, हें भान त्या वाक्यरचनेंतच आहे.

सुश्रुतसंहितेंतली विभागणी याहूनही मनोरंजक आहे. तेथें या उद्भिज्ज शाकाचे पांच प्रकार सांगितले आहेत. ते पेंढ्यावर, उंसावर, शेणावर, बांबूवर आणि भूमीवर उगवणारे असे होत. या विभागणींत रंगास स्थान नाहीं, आकारासही नाहीं; तें कशावर उगवलें एवढीच विचारणा आहे. त्यांतही पेंढ्यावरचें मधुर व दोषांचें शमन करणारें म्हणून सांगितलें आहे. आज जगांत अळंब्यांची जी लागवड चालते, तिच्यांत भाताचा पेंढा, गव्हाचें काड, उंसाचें चिपाड आणि घोड्याची लीद यांचाच मोठा वांटा आहे. सुश्रुतास लागवडीची ही विद्या अवगत होती असें आम्ही म्हणत नाहीं; तसें म्हणणें म्हणजे पूर्वजांस नसलेलें श्रेय देऊन असलेलें झांकण्यासारखें होईल. असलेलें श्रेय तें हें कीं, अळंब्याची ओळख त्याच्या आश्रयापासून तोडतां येत नाहीं, हें त्यांनीं हेरलें होतें.

लोकांचें शहाणपणही याच जातीचें आहे. कोंकणांत व गोव्यांत ज्यांची सर्वांत अधिक चहा होते, तीं अळंबीं वारुळांवर येतात. वारुळास गोव्यांत रोयण म्हणतात, आणि त्यावरून त्या अळंब्यांसही तेंच नांव पडलें आहे. विदर्भांत सात्या, टेकोडे अशीं निराळीं नांवें ऐकूं येतात. पावसाळ्याच्या आरंभीं विजांचा कडकडाट झाला म्हणजे अळंबीं येतात अशी समजूत आहे. मग ज्या बायाबापड्यांस जागा ठाऊक आहेत त्या पहाटे रानांत जातात आणि पानांत बांधून तीं बाजारांत आणतात. त्यांस खूण विचारा. त्या लक्षणांची यादी सांगणार नाहींत. अमक्या वारुळावर, अमक्या पंधरवड्यांत, माझी आई वेंचीत असे, हेंच त्यांचें उत्तर. हें उत्तर अशास्त्रीय म्हणून हंसण्यावारीं नेणें सोपें आहे. परंतु त्यांत जागा, वेळ आणि पिढ्यांचा पडताळा या तीन साक्षी एकत्र झालेल्या आहेत, हें विसरतां कामा नये.

या वारुळांतल्या अळंब्यांची हकीकत पाश्चात्य शास्त्रज्ञांसही प्रथम आपल्याच देशांत उमगूं लागली. तंजावर प्रांतीं राहिलेल्या कोएनिग या निसर्गाभ्यासकानें वाळवीच्या घरांतील बुरशीचें वर्णन इ. स. १७७९ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें फ्रेंच पंडित रोजे हाइम यानें इ. स. १९४२ मध्यें या अळंब्यांचा 'टर्मिटोमायसीस' हा स्वतंत्र गण ठरविला. वाळवी वाळकीं पानें व लांकूड खाते आणि तिच्या विष्ठेचा सच्छिद्र पोळ्यासारखा वाफा वारुळाच्या पोटांत रचला जातो. त्यावर ही बुरशी वाढते आणि ती वाळवीचें अन्न होते. पावसाळ्यांत त्या वाफ्यांतून लांब मुळासारखा दांडा वर चढतो व भूमीवर छत्र उघडतें. हा व्यवहार सुमारें तीन कोटी वर्षांचा असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे अळंब्यांची शेती मनुष्याच्या कितीतरी आधीं वाळवीनें केली, आणि तिचें हें पीक अजून मनुष्यास बाजारापुरतें पिकवितां आलेलें नाहीं. गोवा विद्यापीठांतील डॉ. नंदकुमार कामत यांनीं या अळंब्यांचा दीर्घ अभ्यास केला असून वारुळें राखण्याविषयीं ते लोकांस वारंवार सांगत आले आहेत. वारूळ मोडलें कीं अळंबें गेलें. आणि अळंबें गेलें कीं त्याची जागा ओळखणारी स्मृतिही एका पिढींत जाते.

ही स्मृति एका जागेशीं बांधलेली असते, यांतच तिचें बळ आहे आणि यांतच तिची मर्यादाही आहे. गाडींत बसून ती शहरांत येत नाहीं. ओळखीचें रूप परमुलखांत दिसलें कीं मनुष्य त्यास आपलें समजतो, आणि घात होतो तो येथेंच. आसामांत इ. स. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत रानटी अळंबीं खाऊन थोड्याच दिवसांत तेरा माणसें दगावलीं. त्यांत चहाच्या मळ्यांवरील कुटुंबें होतीं आणि मुलेंही होतीं. वैभवही यापुढें कामास येत नाहीं. रोमन बादशहा क्लॉडियस इ. स. ५४ मध्यें मेला, तो अळंब्यांतून दिलेल्या विषानें, असें प्राचीन इतिहासकार लिहून गेले आहेत. ऑस्ट्रियाचा सहावा चार्ल्स इ. स. १७४० मध्यें अळंब्यांचें पक्वान्न खाऊन आजारी पडला व थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या गादीच्या वारशावरून युरोपांत आठ वर्षें युद्ध चाललें.

या विषाची रीत वाचकांनीं नीट समजून घ्यावी, कारण तिच्यांतच सगळा कपटभाव आहे. 'अमानिटा' गणांतील कांहीं जातींत जें विष असतें, तें शिजवल्यानें, वाळवल्यानें अगर पाणी उपसून टाकल्यानें जात नाहीं. चवीस तें वाईट लागत नाहीं. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधीं त्याहूनही अधिक, कांहींच होत नाहीं. मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. एखाद्या दिवसानें ते थांबतात व रोगी बरा झाला असें घरच्यांस वाटतें. त्याच वेळीं आंत यकृताचा नाश चाललेला असतो. ज्या घरांत ही माहिती नसते, तेथें तो आरामाचा दिवस देवाच्या कृपेचा मानला जातो आणि उपचाराची वेळ निघून जाते. यास्तव संशयित अळंबें पोटांत गेलें असें कळतांच, त्रास होवो वा न होवो, रुग्णालय गांठावें. उरलेलें अळंबें अगर भाजी कागदांत गुंडाळून बरोबर न्यावी. आणि बरें वाटूं लागलें म्हणून परत फिरूं नये.

असें असतां घरगुती कसोट्या कोणत्या सांगितल्या जातात? चांदीचें नाणें घालून शिजवावें, काळें पडलें तर विष. लसूण अगर तांदूळ टाकावे, रंग बदलला तर विष. किड्यांनीं खाल्लेलें असेल तर मनुष्यासही चालतें. सालडें सोलून निघालें तर निर्धास्त. यांपैकीं एकही कसोटी खरी नाहीं. चांदी काळी पडते ती गंधकानें, आणि या विषाचा चांदीवर कांहीं परिणाम होत नाहीं. किड्याचें पोट निराळें व आमचें निराळें. या कसोट्या ज्या देशांत निघाल्या त्या देशांतही त्यांनीं माणसें मारलीं आहेत.

खरी ओळख निराळ्या मार्गानें होते. टोपीच्या खालीं पुस्तकाच्या पानांसारखे कल्ले असतात, त्यांचा रंग कोवळेपणीं कोणता व पक्वपणीं कोणता. दांड्यास कडें आहे काय. बूड मातींतून खणून काढलें असतां त्याभोंवतीं वाटीसारखें वेष्टन आहे काय. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली असतां तिच्यांतून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा पांढरा, तपकिरी, काळा कीं हिरवा. आणि शेवटीं सूक्ष्मदर्शकाखालीं तो बीजाणू कसा दिसतो. उदाहरणार्थ, उष्ण देशांतील हिरवळींवर पावसानंतर मोठालीं, गोरींगोमटीं छत्रें येतात, त्यांत 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस' नांवाची एक जात आहे. कोवळेपणीं तिचे कल्ले पांढरे असतात आणि ती खाण्याच्या अळंब्यासारखी दिसते. पुढें कल्ले हिरवट होतात व ठसा हिरवा पडतो. खाल्ल्यापासून दोन-तीन तासांत ती मनुष्यास ओकाऱ्यांनीं हैराण करते. नव्या वसाहतींतली पाणी पाजलेली, खत घातलेली हिरवळ ही तिची आवडती जागा. ठसा घेणें, बूड खणून पाहणें हा घरांतल्या मुलामुलींस लावावा असा सुंदर छंद आहे. हाताळण्यानें कोणी मरत नाहीं, हात धुतले म्हणजे झालें. परंतु छंदापासून स्वयंपाकघरापर्यंत वाट काढूं नये. दूरध्वनींतल्या चित्रावरून नांव सांगणाऱ्या यंत्रांनाही बूड व ठसा दिसत नाहीं.

पुण्यास या विद्येची परंपरा आहे, ही गोष्ट येथल्या रहिवाशांस बहुधा ठाऊक नसते. इ. स. १९४६ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनें, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेनें, बुरशींच्या अभ्यासास आरंभापासून स्थान दिलें. साठे, देशपांडे, कुलकर्णी व डॅनियल यांचा नैर्ऋत्य भारतांतील अळंब्यांवरील प्रबंध याच संस्थेनें इ. स. १९८० मध्यें प्रसिद्ध केला, आणि बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तेथेंच सांभाळला जातो. गांवच्या बाईची स्मृति जेथें थांबते, तेथून पुढें अशा ग्रंथांचें काम सुरू होतें. दोहोंत विरोध मानण्याचें कारण नाहीं. दोघांनाही जागा, वेळ आणि पडताळा हींच तीन साधनें लागतात.

परंतु मनुष्यानें या पेंचांतून सुटण्याची दुसरी एक वाट काढली, ती म्हणजे ओळखण्याऐवजीं पेरण्याची. चीन देशांतील वांग झेन याच्या इ. स. १३१३ च्या कृषिग्रंथांत ओंडक्यांवर अळंबीं घेण्याची रीत सांगितली आहे. फ्रान्सांत घोड्याच्या लिदीवर होणाऱ्या लागवडीचें वर्णन तूर्नफोर यानें इ. स. १७०७ मध्यें केलें, आणि पुढल्या शतकांत पॅरिसखालच्या दगडांच्या जुन्या खाणींत हें पीक निघूं लागलें. तरीही बियाणें म्हणून जुन्या वाफ्यांतली बुरशी धरलेली लीदच वापरीत, आणि तिच्याबरोबर काय काय येतें याचा भरंवसा नसे. इ. स. १८९४ मध्यें पॅरिस येथें निर्मळ, निर्जंतुक बियाणें तयार झालें, इ. स. १९३२ मध्यें अमेरिकेंत सिंडन यानें शिजवलेल्या धान्यावर तें वाढविण्याची रीत काढली. मधल्या काळांत, इ. स. १९१७ मध्यें, जर्मनींत फाल्क यानें झाडांच्या खुंटांवर धिंगरी अळंबें वाढवून दाखविलें. आमच्या देशांत कोइमतूर येथें इ. स. १९४३ मध्यें भाताच्या पेंढ्यावरील अळंब्यांची लागवड साधली. सोलन येथें इ. स. १९६१ मध्यें पांढऱ्या गुंडीसारख्या अळंब्याचें काम सुरू झालें. आणि म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेंतील झकिया बानो व श्रीवास्तव यांनीं इ. स. १९६२ मध्यें धिंगरी पेंढ्यावर वाढविली. इ. स. १९८३ मध्यें अखिल भारतीय अळंबी-संशोधन योजना निघाली, तेव्हां तिच्या पहिल्या सहा केंद्रांत पुण्याचें केंद्र होतें. शिवाजीनगरच्या कृषि महाविद्यालयांत तें काम चालत आलें आहे, आणि बियाणें व प्रशिक्षण घेण्यास पुणेकरांस दूर जावें लागत नाहीं.

घरच्या घरीं करावयाची ती धिंगरीच. तिची रीत थोडक्यांत अशी. गव्हाचें कोरडें, न कुजलेलें काड बोटभर लांबीचे तुकडे करून रात्रभर पाण्यांत भिजवावें. दुसऱ्या दिवशीं सुमारें ८० अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवावें, म्हणजे इतर बुरशींचे बीजाणू बहुतांशीं मरतात. मग पाणी निथळूं द्यावें. मूठभर काड आवळलें असतां तळहात ओला व्हावा, परंतु थेंब गळूं नये, एवढाच ओलावा हवा. स्वच्छ हातांनीं प्लास्टिकच्या पिशवींत काडाचा थर, त्यावर बियाणें, पुन्हां थर, अशी भरणी करावी. ओल्या काडाच्या शेंकडा दोन भाग बियाणें पुरे. तोंड बांधून पिशवीस बारीक छिद्रें पाडावीं आणि ती २२ ते २८ अंश उष्णतेच्या अंधाऱ्या खोलींत ठेवावी. पंधरा-वीस दिवसांत आंतलें काड पांढऱ्या तंतूंनीं विणलें जातें. मग पिशवी कापून काढावी, त्या गठ्ठ्यावर दिवसांतून दोन-तीन वेळां पाण्याचा हलका फवारा द्यावा, हवा खेळती ठेवावी. चार-पांच दिवसांत टांचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसूं लागतात. टोपीची कड वर वळण्यापूर्वीं पीक काढावें. आठ-दहा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां पीक येतें, आणि एक किलो कोरड्या काडापासून अर्धा ते एक किलो ताजीं अळंबीं मिळतात. काढणीस उशीर झाला तर बीजाणू उडून खोकला येतो, म्हणून झोपण्याच्या खोलींत पिशव्या टांगूं नयेत. एखाद्या पिशवींत हिरवी अगर काळी बुरशी दिसली, तर मोह न धरतां ती बाहेर न्यावी. उरलेलें काड कुंड्यांस उत्तम खत होतें. पुण्यास पावसाळा व हिंवाळा यास अनुकूल. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत श्रम वांया जातात.

या रीतींत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. आरंभापासून शेवटपर्यंत कोठेंही 'हें कोणतें अळंबें?' असा प्रश्न उद्भवत नाहीं. तो प्रश्न बियाणें देणाऱ्या प्रयोगशाळेनें आधींच सोडविलेला असतो. म्हणून बियाणें खात्रीच्या ठिकाणचेंच घ्यावें, यावर आमचा भर आहे. आणि पिशवीबाहेर, कुंडींत अगर भिंतीच्या ओलींत, दुसरें कांहीं उगवलें तर तें आपल्याच घरांतलें म्हणून आपलें समजूं नये.

शिकल्या-सवरल्या घरांत आजकाल दोन टोकें दिसतात. कांहीं जण अळंब्याचें नांव काढलें तरी शहारतात आणि त्यास जुन्या निषेधाचा आधार देतात. कांहीं जण निसर्गाकडे परतण्याच्या उत्साहांत वाटेवर दिसेल तें वेंचूं लागतात. पहिल्यांस आम्ही सांगूं कीं, चरक-सुश्रुतांनीं ज्यास शाक म्हटलें त्यास शाक म्हणण्यांत कमीपणा नाहीं. दुसऱ्यांस सांगूं कीं, रानांत जाणाऱ्या त्या बाया दिसेल तें वेंचीत नाहींत. त्या आपल्या वारुळावरचेंच वेंचतात आणि बाकीचें निमूटपणें कुत्र्याच्या छत्रींत जमा करतात. गांवीं गेल्यावर त्यांच्याकडून अवश्य घ्यावें, त्यांच्या जागा कोठें आहेत हें न विचारतां घ्यावें, आणि वारूळ फोडणाऱ्याचा हात धरावा. खराडीच्या हिरवळीवर मात्र कोणाचीही आई कधीं वेंचावयास आलेली नाहीं. तेथें छत्र दिसलें तर मुलांस जवळ बोलवावें, कल्ले दाखवावे, कागदावर ठसा घ्यावा, आणि रात्रीच्या भाजीसाठीं घरांतल्या पिशवीकडे वळावें.